पोच

उद्यमबागेत आमच्या शेडमधे शनिवारी
खुर्च्या मांडल्या, चहा आला, भिंतीवर पडदा लागला.
शिकवायला आलेली पोरगी धारवाडकडची, शिवलीला.
कन्नडमधून सुरू केलं तिनं,
मग थांबली, आमची तोंडं बघितली,
म्हणाली, "माझं मराठी मोडकं आहे, हसायचं नाही."
कुणी हसलं नाही.
एवढ्या वर्षांत आम्हाला काही सांगायला
कुणी स्वतःची जीभ वाकडी करून घेतली नव्हती.

'एच्चरिके' हा शब्द आम्हाला पाठ आहे,
विजेच्या खांबावर असतो, टाकीच्या कडेला असतो.
ती म्हणाली, त्याच्या खालचं वाचा.
खालचं बारीक होतं, त्यावर क्रोमचा पिवळा थर.
ओमाण्णा पुसायला पुढं झाला बोटानं,
आणि ती ओरडली, "हातमोजा!"

ओमाण्णा टोपिनकट्टीचा. अकरा वर्षं टाकीवर.
नाकाच्या मधल्या पडद्याला भोक,
बॅटरी धरली की उजेड आरपार जातो म्हणतो.
सुगीनंतर घरच्या बासमतीचा भात झाला,
गल्लीतली माणसं विचारत आली, पाहुणे कोण आलेत?
हा ताटावर बसून वाफेकडं बघत राहिला,
दुसऱ्याचं पत्र हातात पडल्यासारखा.

शिवलीला म्हणाली, हे नशीब नव्हे, पुरावा आहे.
तपासणी दर वर्षी, मालकाच्या खर्चानं.
कागद मागितला की द्यायला लागतो.
डोळे चुरचुरले, छाती भरली
तर आधी लांब व्हायचं, ओरडून सांगायचं,
कारण मागाहून शोधायचं.
ठेक्यावरच्यांनी पण? मी विचारलं.
"ठेक्यावरच्यांनी पण."
मुकादम चौगुल्याला तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

शेवटी तिनं एक चित्र लावलं:
वठलेलं झाड, आणि पोट वर करून पडलेला मासा.
मला हसू आलं. हे तर आमच्या घरी आहे!
गाळाची रिकामी गोणी, चांगली जाड,
तीन पावसाळ्यांमागं विहिरीवर धुऊन घेतलेली.
मी एकटीनंच नव्हे, सगळ्यांनीच नेल्या.
आधी खुराड्यावर होती, मग थंडी पडली तशी
नातीच्या अंथरुणाखाली घातली.
आमचं गावच मच्छे,
वाटलं, त्यावरूनच कंपनीनं मासा छापला असेल.
नात त्याच्यावर बोट फिरवत झोपायची.

हसू तोंडातच राहिलं.
विहिरीचं मी कुणाला बोलले नाही त्या दिवशी.

सोमवारी गोणी हातमोजे घालून घडी केली,
पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
आणि गेटवर नेऊन ठेवली. म्हटलं, आत घ्या. वहीत लिवा.
चौगुले म्हणाला, रिकाम्या गोण्या कोण लिवतं? टाक मागं.
म्हटलं, मग पोच द्या.
"पोच? कुठं काय मागावं ह्याची
पोच हाय का तुला?"
आता आली, म्हटलं.

त्यानं चहाच्या बिलामागं दोन ओळी खरडल्या,
कन्नडमधून, मुद्दाम.
मी घड्याळाकडं बघितलं, पाळी सुरू व्हायला वेळ होता.
वॉचमन बसाप्पाला म्हटलं, वाचून दाखव.
त्यानं वाचलं. गोणी एक, असं होतं. कसली ते नव्हतं.
म्हटलं, कसली ते पण लिवा.
मागं ओमाण्णा येऊन उभा राहिला होता,
त्याच्या काखेत पण एक पिशवी.

नातीचं विचारायचं राहिलं.
कायद्यात कामगार आहे, कामगाराची चादर नाही.
शिवलीलाचा नंबर नोटीस बोर्डावर आहे,
दोनदा लावला, उचलला नाही; परत लावीन.
पोरीला नवी गोधडी आणली, निळी, साधी.
रात्री बघते तर झोपेत
तिचं बोट कापडावर फिरत असतं,
मासा कुठं गेला ते शोधत.